मैदान आणि प्रयोगशाळा : दोहोंचा मेळ

बारावीचे वर्ष उजाडले, की अनेक घरांत पहिली कुऱ्हाड खेळावर पडते. जिल्हा स्पर्धेत धावणाऱ्या मुलाचे वा मुलीचे मैदान त्या वर्षापुरते म्हणून सुटते आणि पुष्कळदा ते कायमचेच सुटते. विज्ञान, वैद्यक किंवा अभियांत्रिकीचा अभ्यास आणि खेळ एकत्र नांदू शकत नाहीत, अशी समजूत त्यामागे असते. ती कितपत खरी आहे, हे काही उदाहरणांवरून पडताळून पाहणे उद्बोधक ठरेल.

अर्ध्या-पाऊण तासाचा सराव

दिनांक ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केले. चार मिनिटांच्या आत मैल धावणारे ते जगातील पहिले धावपटू ठरले. त्या वेळी ते लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेत होते. शर्यतीच्या दिवशीही सकाळी रुग्णालयात काम करून ते आगगाडीने ऑक्सफर्डला पोहोचले.

सरावासाठी त्यांना मिळे तो दुपारच्या सुट्टीतील अर्धा-पाऊण तास. म्हणून त्यांनी सरावाची आखणी नेमकी ठेवली. ४४० यार्डांच्या दहा धावा आणि दोन धावांमध्ये दोन मिनिटांची विश्रांती, असा तो क्रम होता. प्रत्येक धावेचा वेळ सुमारे ६६ सेकंदांवरून हळूहळू ६१ पर्यंत खाली आला. पुढे मात्र प्रगती खुंटली. तेव्हा त्यांनी सराव वाढविला नाही. उलट काही दिवस तो थांबवून ते स्कॉटलंडच्या डोंगरांत गेले. परतल्यावर तेच अंतर त्यांनी ५९ सेकंदांत कापले. शरीराची क्षमता आणि श्वसन यांविषयी त्यांनी केलेला अभ्यासही त्यांना मैदानावर उपयोगी पडला. पुढे ते नामवंत मज्जाविकारतज्ज्ञ झाले.

आधी पदवी, मग पुनरागमन

भारतात १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील फुटबॉल संघाचे कर्णधार तालिमेरेन आओ हे कलकत्त्यात वैद्यकाचे विद्यार्थी होते. फिरकी गोलंदाज इरापल्ली प्रसन्ना यांनी निराळा मार्ग स्वीकारला. १९६२ मध्ये कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केल्यावर अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करण्यासाठी ते सुमारे पाच वर्षे कसोटी सामन्यांपासून दूर राहिले. १९६७ मध्ये ते परतले आणि एकूण ४९ कसोटींत त्यांनी १८९ बळी मिळविले. काही काळ मागे सरणे म्हणजे खेळ सोडणे नव्हे, हे यावरून दिसून येते.

संस्थेची जबाबदारी

ही माणसे असामान्य होती, हे खरे. परंतु त्यांच्या यशातील नियोजनाचा भाग कोणालाही आत्मसात करता येण्याजोगा आहे. विद्यार्थ्याने सत्राच्या प्रारंभीच स्पर्धा व परीक्षा यांच्या तारखा एकाच तक्त्यात मांडाव्यात. परीक्षेच्या काळात सराव कमी करावा, पण पूर्णपणे बंद करू नये. झोपेत काटछाट करून वेळ काढणे दोन्हीकडे नुकसानकारक ठरते.

मात्र सारा भार विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. व्याख्यान बुडाले तर टिपणे मिळविता येतात. बुडालेले प्रात्यक्षिक घरी करता येत नाही. स्पर्धेहून परतलेल्या खेळाडूसाठी ते पुन्हा घेण्याची सोय महाविद्यालयाने केली, तर त्याची मोठी अडचण दूर होईल. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, ते कामगिरीनंतर. त्याआधी त्याला हवा असतो वेळ. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अतिरिक्त जागा ठेवल्या असून त्यांपैकी एक मुलींसाठी आहे. उच्च तंत्रशिक्षणात खेळाडूला मानाचे स्थान असू शकते, याची ही पावतीच होय.

गावाचे मैदान पहाटे व सायंकाळी मोकळे आणि वापरण्याजोगे ठेवणे पंचायतीच्या हाती आहे. तासिका आणि प्रात्यक्षिके यांची सोयीची आखणी शिक्षकांच्या हाती आहे. या दोन गोष्टी साधल्या, तर पुस्तक की मैदान, असा निर्णय सोळाव्या वर्षी घेण्याची पाळी मुलांवर येणार नाही.