मोटारीच्या इंजिनास किती दाट तेल घालावें?

आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां बैलगाडीच्या जागीं मोटार उभी असते. परंतु तिच्या इंजिनाच्या तेलाविषयीं आपले विचार अद्याप गाडीच्या आंसाला वंगण घालण्याच्या काळांतीलच आहेत. "आपल्याकडे ऊन फार, तेव्हां तेल जाडच पाहिजे," हें वाक्य मीं तालुक्याच्या गांवीं किती वेळां ऐकलें त्याची गणती नाहीं. या समजाची झळ मला स्वतःला लागली, म्हणून हे चार शब्द.

तेलाच्या डब्यावर '५ डब्ल्यू-३०', '१५ डब्ल्यू-४०' असे अंक असतात. या वर्गवारीचा आरंभ अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या संस्थेनें १९११ सालीं केला. डब्ल्यू हें हिंवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर होय. त्याच्या अलीकडचा अंक जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहतें. पलीकडचा अंक १०० अंश सेंटिग्रेड उष्णतेस तेल किती दाट राहतें तें सांगतो. हा दाटपणा सेंटिस्टोक या मापानें मोजतात. साध्या पाण्याचा तो सुमारें १ असतो. १०० अंशांस ३० अंकाच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५, ४० चा १२.५ ते १६.३ व ५० चा १६.३ ते २१.९ असतो.

आतां उन्हाचें पाहूं. चालत्या इंजिनांत तेल साधारणतः ९० ते ११० अंश तापतें. जळगांवास वैशाखांत हवा ४५ अंशांवर गेली तरी त्यांत फारसा फरक पडत नाहीं. कारण ती उष्णता आंतील ज्वलनाची असते आणि थर्मोस्टॅट तिला ताब्यांत ठेवतो. उलट, ४० अंशांस १५ डब्ल्यू-४० तेलाचा दाटपणा शंभराच्या वर असतो, म्हणजे तापल्या वेळच्या सातपटीच्या आसपास. सकाळच्या गार इंजिनांत पातळांतलें पातळ तेलही तापलेल्या ५० अंकी तेलाहून दाट असतें. झीज बरीचशी होते ती तेल सर्व भागांस पोंचण्यापूर्वींच्या त्या क्षणांत.

निवृत्तीच्या वर्षीं मीं एक लहान पेट्रोल गाडी घेतली. मिस्त्रीनें तींत २० डब्ल्यू-५० घातलें. मार्गशीर्षांत रोज सकाळीं अर्धा मिनिटपर्यंत टकटक आवाज येई, आणि लिटरमागें दीड-दोन किलोमीटर कमी पडूं लागले. शेवटीं गाडीबरोबरचें पुस्तक उघडलें, तों त्यांत ५ डब्ल्यू-३० स्पष्ट छापलेलें! उभा जन्म सात-बारा पाहिल्यावांचून शेरा न मारणारा मी, येथें मात्र दप्तर न पाहतां सही करून मोकळा झालों होतों. तेल बदलतांच आवाज थांबला.

पातळ तेल सर्वांस चांगलें, असाही अर्थ कोणीं घेऊं नये. आमच्या शेजाऱ्यांनीं माझें पाहून आपल्या जुन्या डिझेल जीपमध्यें ० डब्ल्यू-२० घातलें. तिच्या बेअरिंगांतील फट झिजून वाढलेली; इंजिन तापून मंद चालूं लागलें कीं तेलाचा लाल दिवा लुकलुके. तसेंच महिनाभर चालविल्यावर क्रँकशाफ्ट घासून घ्यावा लागला व कांद्याचा एक हंगाम त्यांतच गेला. नव्या इंजिनांतील फटी बारीक, म्हणून त्यांस पातळ तेल. जुन्या डिझेलास बहुधा १५ डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-४०. इंजिन तेल खाऊं लागलें असेल तर एक पायरी जाड तेल घेण्यास हरकत नाहीं, मात्र पुस्तकांतील कोष्टकांत तें बसत असेल तरच.

अंक जुळला म्हणजे काम संपलें असें नाहीं. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत बहुधा काजळीची गाळणी असते. तिला कमी राखेचें तेल लागतें, आणि त्याची खूण डब्यावर निराळी छापलेली असते. तीही पुस्तकाशीं ताडून पाहावी.

पातळी पाहतांना गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर पांच-दहा मिनिटांनीं पट्टी पुसून पुन्हां घालावी व मग वाचावी. भर घालणें झाल्यास त्याच अंकाचें तेल, थोडें थोडें करून, वरच्या खुणेपलीकडे न जातां घालावें.