ताटातलं अन्न, अंगातला दाह आणि मनाची मरगळ

गेल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी मला हळूच बाजूला घेतलं. मी इथे लंडनमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे मंडळात खाण्यापिण्याचे प्रश्न मला नेहमीच विचारले जातात. पण या काकूंचा आवाज एकदम खाली आला होता. "अगं, हे रिटायर झाल्यापासून ह्यांचं कशातच मन लागत नाही. जीपीने डिप्रेशनच्या गोळ्या दिल्यात. पण लोकांना कळलं तर? त्यापेक्षा खाण्यात काही बदल करून नाही का भागणार?"

याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख. (नाव न घालण्याच्या अटीवर काकूंनी परवानगी दिली आहे.)

विळीवर भाजी चिरताना बोट कापलं की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह, म्हणजे इन्फ्लमेशन. पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात आणि सायटोकाइन नावाची रसायनं सोडून शरीराला वर्दी देतात. जखम भरली की दाह शमतो. पण कधीकधी तो शमतच नाही, राखेखालच्या निखाऱ्यासारखा अंगभर बारीक धुमसत राहतो. तो दिसत नाही, दुखत नाही. सीआरपी नावाच्या रक्ततपासणीत काय तो सापडतो.

याचा मनाशी काय संबंध? फ्लू झाला की कसं होतं ते आठवा. जेवण नको, कुणाशी बोलणं नको, दुलई ओढून नुसतं पडून राहावंसं वाटतं. यात सायटोकाइनचा मोठा वाटा असतो, कारण त्यांची वर्दी मेंदूपर्यंत पोचते. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. इंटरफेरॉन हेही एक सायटोकाइनच. त्या उपचारात, आधी मनाने ठणठणीत असलेल्या कित्येक रुग्णांना खरंखुरं नैराश्य आलं. मनाचा कमकुवतपणा, नशीब, रिकामटेकडेपणा, असं काही त्यात नव्हतं! अर्थात प्रत्येक नैराश्यामागे दाह असतोच असं नाही. साधारण चार रुग्णांपैकी एकात सीआरपी वाढलेला आढळतो.

आता आपल्या लोकांविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये चक्क स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडे ही चरबी पोटाच्या आत जास्त साठते, आणि ती नुसती बसून राहत नाही, दाहाची रसायनं सोडत असते. म्हणून "मी कुठे जाडा आहे?" हे आपल्या मंडळींनी म्हणू नये. इथे एनएचएसमध्येही दक्षिण आशियाई लोकांसाठी धोक्याची पातळी २५ ऐवजी २३ धरतात.

मग आहार बदलून नैराश्य कमी होतं का? ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्याचे ६७ रुग्ण, १२ आठवडे. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने भाज्या, कडधान्यं, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल असा आहार शिकवला, निम्म्यांना नुसती गप्पांची सोबत दिली. आहारवाल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, सोबतवाल्यांपैकी ८ टक्के. प्रयोग लहान आहे, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे रुग्णांना माहीत होतं, हे विसरू नये. शिवाय बऱ्याच जणांचे औषधोपचार चालूच होते. जेवण त्यांच्या जोडीला होतं, त्यांच्या जागी नव्हतं.

ऑलिव्ह तेलासाठी अडून बसायची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, जवसाची चटणी हे सगळं इथे मिळतं. यातला चोथा आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य. त्यापासून ते जी आम्लं तयार करतात ती दाह आवरायला मदत करतात. मासे खात असाल तर बांगडा इथल्या सुपरमार्केटात मॅकरेल म्हणून मिळतो. खरी अडचण आहे ती चहाबरोबरच्या बिस्किटांची आणि फरसाणाची. हळदीचं दूध जरूर प्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. कॉफीच्या दुकानात तेच दूध महागात विकतात, ते सोडाच!

एक गोष्ट मात्र जीपीला आवर्जून विचारा: बी-१२. शाकाहारी माणसांत ते बऱ्याचदा कमी असतं, मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही. त्यानेही मरगळ येते, विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात.

काकूंना मी एवढंच सांगितलं, की गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, आणि लोकांचं लोकांपाशी. काकांचं बी-१२ बरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. गोळ्याही चालू आहेत. हल्ली रविवारी भाकरीचं पीठ काकाच मळतात म्हणे. थापायला मात्र अजून काकूच लागतात.