वाळूची टेकडी : समुद्राची ठेव

नेहरू नगरात एखाद्या घराचे बांधकाम निघाले की दारापुढे नर्मदेच्या वाळूचा ढीग पडतो. भोपाळच्या पुष्कळ मुलांची वाळूशी ओळख एवढीच. म्हणून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांविषयी शिकविताना एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, ती टेकडी कोणी आणून ओतली?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्याजोगा नव्हता. पुढे नाताळच्या सुटीत आम्ही गोव्यास गेलो, तेव्हा पेडणे तालुक्यातील मांद्रे येथील किनारा मुद्दाम पाहिला.

माडांच्या रांगेबाहेर पडताच समुद्र दिसेल अशी आमची अपेक्षा होती. लाटांचा आवाज येत होता, पण समोर उभी होती वाळूची टेकडी. माथ्यावर चढलो तेव्हा कोठे पाणी दिसले. पायांखाली सर्वत्र एक वेल पसरली होती : पाने बकरीच्या खुरासारखी दुभंगलेली, फुले जांभळट, पेराला पेराला मुळे. हीच मर्यादवेल. नावातच तिचे कार्य सांगितले आहे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात; पावसाळा सरला की शांत लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. ती वाळली की वारा तिचे कण उड्या मारीत जमिनीकडे नेतो. वाटेत वेल आडवी आली की वाऱ्याचा जोर मोडतो व कण खाली बसतो. वेल वाळूखाली दबते, पुन्हा वर येते, पुन्हा वाळू अडविते. अशी टेकडी वाढते. लाट आणते, वारा वाहतो, वेल धरून ठेवते.

जगात याहून कितीतरी प्रचंड टेकड्या आहेत. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील पिलाची टेकडी सुमारे 100 मीटर उंच आहे. तिची वाळू बव्हंशी उघडी असल्याने ती दरवर्षी काही मीटर आत सरकते आणि मागचे पाइनचे रान गिळीत जाते. आमची टेकडी तिच्यापुढे ठेंगणी खरी. परंतु वेलीने बांधलेली असल्यामुळे ती गावावर चालून येत नाही, गावाचे रक्षण करते. वादळात लाटा तिची वाळू खातात, घरे वाचतात. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पाहणी झाली, तेव्हा टेकड्या शाबूत असलेल्या ठिकाणी मागील वस्तीची हानी कमी झाल्याचे आढळले. शिवाय पावसाचे पाणी टेकडीत मुरते आणि जड खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. समुद्राजवळच्या विहिरी गोड्या राहतात त्या यामुळे.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या आजोळच्या घरामागेही अशी टेकडी होती. 'रेंव' उडवीत तिच्यावरून घसरण्यात आमचे बालपण गेले. घसरताना वेल तुटे, त्याची खंत कोणास नव्हती. पुढे नारळ वाळत घालण्यास अंगण हवे म्हणून आमच्याच वडीलधाऱ्यांनी ती सपाट केली. हेतू वाईट नव्हता. आज त्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ लागते. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तरी तो घोट घेताना मन खजील होते. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने अशा टेकड्यांत फेरफार करण्यास बंदी केली. आमच्या घरी तो विचार कोणास शिवला नाही.

सुटीनंतर वर्गात आम्ही उत्तर सांगितले. तोच विद्यार्थी पुन्हा उठला व म्हणाला, "सर, मग तुमची टेकडी पुन्हा येईल का?" लाट आहे, वारा आहे, वेल लावणारा हात आणि वाट पाहण्याचा धीर हवा. येत्या पावसाळ्याच्या प्रारंभी आजोळी जाऊन मर्यादवेलीचे तुकडे लावण्याचे आम्ही योजिले आहे.