चित्र ‘कळण्या’आधी बघायचं कसं?

प्रश्न : हुसेन आपल्या पंढरपूरचे, पण त्यांची चित्रं मला कळत नाहीत. या वयात चित्र बघायला शिकता येईल का?
– एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, नक्की येईल. फक्त ‘यात काय दाखवलंय’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी नजर कुठे जाते आणि तिथून कुठे वळते, ते पाहा.

सुरुवात घरच्या सोलापुरी चादरीपासून करा. जेकॉर्डवर विणलेली ही चादर उलटी करा. नक्षी तीच, पण रंगांची अदलाबदल झालेली. जो रंग फुलाचा होता, तो आता जमिनीचा झाला. कोणती बाजू उजळ वाटते? का? रंग किती जागा व्यापतो यावर त्याचा जोर ठरतो, हे पुस्तकापेक्षा इथे लवकर उमगतं.

मग हुसेन यांचे घोडे पाहा. तरुणपणी मुंबईत ते सिनेमाचे मोठे फलक रंगवत. दुरून दिसावी अशी ठाम रेषा त्यांच्या हातात तिथेच मुरली, असं मला वाटतं. घोडा हुबेहूब आहे का, यापेक्षा त्याचा वेग कोणत्या रेषेत आहे ते शोधा.

आणि सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाच. भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या तिथल्या संग्रहालयात राजा रविवर्मांची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूर यांचं शिल्पही आहे. सगळी दालनं उरकू नका. दोन-तीन कलाकृतींसमोर निवांत थांबा. शेजारची पाटी नंतर वाचा.