हट्टी मूल आणि आईबापांची श्रद्धा

ज्या घरांत एकादें तेजस्वी व हूड मूल असतें, त्या घरांतील आईबापांस दिवसांतून दहा वेळां एकच प्रश्न पडतो. ह्याचा हट्ट मोडावा, कीं पुरवावा? शेजारीपाजारी मोडण्याचा सल्ला देतात, आजीआजोबा पुरवण्याचा. पहिल्या रीतीनें मूल भित्रें व खोटें बोलणारें होतें. दुसऱ्या रीतीनें तें घराचें धनी होऊन बसतें. देवावर श्रद्धा ठेवणाऱ्या आईबापांस ह्या दोहोंहून निराळा मार्ग आहे काय, ह्याचा विचार ह्या लेखांत करण्याचें योजिलें आहे. मी स्वतः एका पांच वर्षांच्या मुलीची आई आहें. म्हणून हा विषय मला केवळ पुस्तकी नाहीं.

ह्या कामीं इंग्लंडांतील सुसाना वेस्ली (१६६९–१७४२) हिचें चरित्र फार बोधप्रद आहे. लिंकनशायर परगण्यांतील एपवर्थ गांवच्या धर्मोपदेशकाची ही पत्नी. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली आणि प्रसिद्ध भजनकार चार्ल्स वेस्ली हे तिचे पुत्र. तिला एकंदर १९ मुलें झालीं. त्यांपैकीं निम्म्याच्या सुमारास बालपणींच निवर्तलीं. घरीं सदैव ओढाताण. १७०५ सालीं पतीस कर्जापायीं तुरुंगवासहि घडला. अशा संसारांत तिनें घरींच शाळा चालविली. मूल पांच वर्षांचें झालें कीं बायबलाच्या पहिल्या अध्यायापासून त्याचें वाचन सुरू होई. आणि मुलीस नीट वाचतां आल्यावांचून तिला शिवणकामास बसवावयाचें नाहीं, असा तिचा दंडक होता.

१७३२ सालीं जॉनच्या विनंतीवरून तिनें आपली रीत एका पत्रांत लिहून काढली. त्या पत्रांतील एक विधान आजच्या वाचकास खटकेल. मुलाची इच्छाशक्ति प्रथम जिंकली पाहिजे, असें ती म्हणते. आणि तान्हेपण सरतें न सरतें तोंच मुलास छडीचें भय घालणें तिला मान्य होतें. हा भाग आपण घेऊं नये. आपल्या देशांत २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. जें शाळेस वर्ज्य, तें घरास कसें शोभेल?

परंतु छडी बाजूस ठेवून तिचे बाकीचे नियम वाचले, म्हणजे निराळीच गोष्ट ध्यानांत येते. जें मूल आपला अपराध आपण होऊन कबूल करील व सुधारण्याचें वचन देईल, त्यास मार नाहीं. कारण शिक्षेच्या भयानेंच मुलें खोटें बोलूं लागतात. एका अपराधाबद्दल दोनदां शिक्षा नाहीं, आणि एकदां मिटलेली गोष्ट पुन्हां उकरून काढावयाची नाहीं. मुलानें मनाविरुद्ध आज्ञा पाळली, तर तिचें कौतुक झालेंच पाहिजे. चांगल्या हेतूनें केलेलें काम बिघडलें, तरी हेतु प्रेमानें स्वीकारावा आणि पुढच्या वेळीं कसें करावें तें गोडीनें सांगावें. दिलेलें वचन मोडूं नये. दुसऱ्याची वस्तु, मग ती टांचणी कां असेना, त्याच्या संमतीवांचून घेऊं नये.

वाचकांनीं हे नियम पुन्हां एकदां मनांत घोळवावे. ह्यांपैकीं बहुतेक नियम मुलापेक्षां आईबापांसच अधिक बांधतात! कबूल केलेल्या अपराधास शिक्षा न करणें, जुनी गोष्ट न काढणें, बिघडलेल्या कामांतील हेतु ओळखणें, हीं सर्व रागावलेल्या मोठ्या माणसास कठीण अशीं कामें आहेत. येथेंच आपला तिसरा मार्ग दिसूं लागतो. शेतकरी उमदा खोंड विकत घेतो, तेव्हां त्याची रग मोडून टाकीत नाहीं. रग गेली तर औत कोण ओढणार? तो त्यास सरावाच्या बैलाबरोबर जुंपतो. एकच जूं दोघांच्या खांद्यांवर असतें, आणि जुन्याच्या चालीनें नवा चालावयास शिकतो. मुलास आज्ञापालन शिकवावयाचें, तर आईबापांच्या मानेवरहि कोणाची तरी आज्ञा आहे, हें त्याच्या दृष्टीस पडलें पाहिजे. श्रद्धावान घराचें वैशिष्ट्य तें हेंच.

सुसाना स्वतः मोठी बाणेदार होती, हें येथें सांगणें अगत्याचें आहे. तिचे वडील प्रस्थापित चर्चपासून फुटून निघालेल्या पक्षाचे नामांकित उपदेशक होते. तरी वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, दोन्ही पक्षांचा विचार करून, तिनें त्या चर्चचा स्वीकार केला. पुढें १७१२ सालच्या आरंभीं पति लंडनला गेला असतां ती रविवारीं संध्याकाळीं घरीं मुलांस उपदेश वाचून दाखवीत असे. शेजारी येऊं लागले, आणि हां हां म्हणतां दोनशेंच्या आसपास लोक जमूं लागले. तक्रार गेली, पतीनें हें बंद करावें असें सुचविलें. तिनें उत्तर लिहिलें त्याचा आशय असा, कीं नुसतें सुचवूं नका, स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे देवापुढें ह्याचा जाब मला द्यावा लागणार नाहीं. पतीनें तशी आज्ञा केली नाहीं. अशा स्त्रीची इच्छाशक्ति कोणी मोडली होती, असें कोण म्हणेल? ती एका मोठ्या इच्छेच्या स्वाधीन झाली होती, इतकेंच. हट्ट आणि निश्चय ह्यांत एवढेंच अंतर आहे. शक्ति तीच, हट्ट स्वतःसाठीं असतो, निश्चय सत्यासाठीं.

ह्याच सुमाराची आणखी एक गोष्ट आपल्या देशाशीं जोडलेली आहे. १७०६ सालीं झीगेनबाल्ग व प्ल्यूत्शौ हे दोन मिशनरी डेन्मार्कच्या राजाच्या वतीनें तामीळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथें उतरले. त्यांच्या कार्याचा वृत्तांत एपवर्थच्या त्या घरीं वाचला गेला आणि सुसानाचें अंतःकरण हेलावलें. आपण पुरुष नाहीं, उपदेशकहि नाहीं. तरी आपल्या मुलांसाठीं अधिक कांहीं करतां येईल, असें तिला वाटलें. तेव्हांपासून रोज रात्रीं एकेका मुलास एकटें जवळ घेऊन ती त्याच्याशीं बोलूं लागली. मंगळवार हेटीचा, गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. १७०९ सालच्या आगींत घर जळालें, तेव्हां पांच वर्षांचा जॉन माडीवर अडकला होता. माणसांनीं एकमेकांच्या खांद्यांवर चढून त्यास खिडकींतून काढलें. देवानें वांचविलेल्या ह्या मुलाची विशेष काळजी घेण्याचा तिचा संकल्प होता. जॉन मोठा होऊन ऑक्सफर्ड येथें राहूं लागल्यावरहि, गुरुवारच्या संध्याकाळचा तो थोडासा वेळ माझ्यासाठीं राखून ठेव, अशी त्यानें आईस पत्रानें विनंती केली. मुलाच्या मनांत काय राहिलें तें पाहा!

तथापि, चरित्राची दुसरी बाजू लपविणें योग्य नव्हे. मंगळवार जिचा, ती हेटी अत्यंत बुद्धिमान, विनोदी आणि कविता करणारी होती. वडिलांनीं तिच्या पसंतीच्या स्थळास नकार दिला. तिनें घर सोडलें. आणि परत आल्यावर १७२५ सालीं तिला मुळींच न शोभणाऱ्या मनुष्याशीं तिचा विवाह लावण्यांत आला. वडिलांचें मन तिच्याविषयीं पुढें निवळलें नाहीं. १७२६ सालीं जॉननें तिची कड घेऊन क्षमेवर उपदेश केला. तोहि त्यांस रुचला नाहीं. मिटलेली गोष्ट उकरून काढूं नये, हा लहानग्यांसाठीं केलेला नियम त्याच घरांत वाढलेल्या मुलीस लागू झाला नाहीं. ह्यावरून आपण काय शिकावें? नियम कितीहि उत्तम असले, तरी मूल आपल्या कह्याबाहेर जातें त्या दिवशींच आईबापांच्या श्रद्धेची खरी परीक्षा असते. त्या दिवशीं दार उघडें राहिलें, तर मागील शिकवण फळास येते.

आमच्या घरीं सायंप्रार्थनेच्या वेळीं माझी कन्या डोळे मिटावयास तयार नसते. “उघड्या डोळ्यांनीं म्हटलेलें देवाला ऐकूं येत नाहीं कां?” असा तिचा प्रश्न. मीं तिला सांगितलें, “येतें, बाळ. डोळे मिटावयाचे ते आपलें लक्ष इकडेतिकडे जाऊं नये म्हणून.” तिनें थोडा विचार केला व एक डोळा मिटला. दुसरा अद्यापि उघडाच आहे, आणि तो माझ्याकडे पाहत असतो. मी खरोखरच प्रार्थना करितें कीं नुसता देखावा, हें तो डोळा रोज तपासतो. मला तर तो उपकारकच वाटतो. मूल आपला उपदेश विसरेल. आपण कोणापुढें नम्र होतों, तें विसरणार नाहीं.

पालकहो, आठवड्यांतून एक संध्याकाळ, नव्हे अर्धा तास, एका मुलासाठीं राखून ठेवणें कोणत्याहि गरीब घरास अशक्य नाहीं. त्या अर्ध्या तासांत अभ्यासाची चौकशी नको, जुन्या अपराधांची यादी नको. मुलाचें बोलणें ऐकावें, आणि शेवटीं दोघांनीं मिळून देवापुढें मस्तक नमवावें. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसहि एक विनंति आहे. तुमच्या अंगीं जी रग आहे ती देवाची देणगी आहे. तिची लाज बाळगूं नका, परंतु ती कोणाच्या सेवेस लावावयाची, हें मात्र वेळींच ठरवा. आणि घरीं आईबाप तुमच्यासाठीं जागा करून बसले, तर ती संध्याकाळ चुकवूं नका. परमेश्वर आपणां सर्वांस एकाच जुवाखालीं आनंदानें चालण्याची बुद्धि देवो.