संगणकातील चित्रीकरण डीव्हीडीवर उतरविताना

शाळेचे स्नेहसंमेलन, ग्रामसभेचे कामकाज, पाणलोटाच्या कामाची पाहणी अशा प्रसंगांचे चित्रीकरण आता भ्रमणध्वनीवर सर्रास होते व पुढे ते संगणकात साठविले जाते. मात्र ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच आणि जुना डीव्हीडी प्लेअर आहे, पण संगणक नाही, अशा वडीलधाऱ्या ग्रामस्थांना ते दाखवावयाचे तर तबकडी हाच सोयीचा मार्ग उरतो. संगणकातील फाईल कोऱ्या तबकडीवर उतरवून दिली जाते आणि प्लेअरमध्ये घालताच तबकडी वाचता येत नसल्याची सूचना पडद्यावर झळकते. दोष बहुधा तबकडीचा नसतो व प्लेअरचाही नसतो.

डीव्हीडी-व्हिडिओ ही पद्धत १९९६ साली जपानमध्ये प्रथम बाजारात आली. चित्र संक्षेपित करण्यासाठी तिने मुख्यतः एमपेग-२ ही रीत स्वीकारली. आजच्या भ्रमणध्वनींवर सर्वत्र आढळणारी एच.२६४ ही रीत प्रमाणित झाली ती २००३ साली आणि तिच्या पुढची एच.२६५ ही २०१३ साली. प्लेअरची पद्धत ठरली तेव्हा जी भाषा अस्तित्वातच नव्हती, ती त्याला कळावी कशी? काही नंतरचे प्लेअर इतर प्रकारच्या फाइलीही वाचतात, परंतु दुसऱ्याच्या घरातील यंत्राविषयी असा भरवसा धरता येत नाही.

म्हणून फाईल तबकडीवर उतरविणे निराळे आणि डीव्हीडी तयार करणे निराळे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. चित्राचे एमपेग-२ मध्ये रूपांतर व्हावे लागते. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते, सेकंदाला २५ चित्रे असतात आणि ध्वनी ४८ किलोहर्ट्झचा असतो. त्यानंतर हे सारे ठरावीक नावांच्या फाइलींत मांडून 'व्हिडिओ टीएस' या फोल्डरमध्ये ठेवले जाते. प्लेअर प्रथम तोच शोधतो. 'डीव्हीडी स्टायलर' हे विनामूल्य सॉफ्टवेअर ही सर्व कामे एकाच ठिकाणी करते. विंडोज ७ मध्ये असलेला 'विंडोज डीव्हीडी मेकर' पुढे विंडोज ८ पासून वगळण्यात आला. सॉफ्टवेअरमध्ये प्रकरणे पाडण्याचीही सोय असते. विषयपत्रिकेतील प्रत्येक विषयाचे स्वतंत्र प्रकरण केल्यास पाहणाऱ्याला रिमोटच्या एका कळीने हव्या त्या ठरावाशी जाता येते.

खरी फसगत होते ती वेळेच्या हिशेबात. साध्या एकस्तरी तबकडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. (संगणक हीच क्षमता सुमारे ४.३७ जीबी दाखवितो. मोजण्याच्या पद्धतीतील हा फरक आहे, दुकानदाराची लबाडी नव्हे.) बिटमध्ये हा आकडा ३७.६ अब्ज होतो. दोन तासांचा कार्यक्रम असल्यास प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे ५२ लाख बिट येतात व चित्र समाधानकारक दिसते. चार तासांची ग्रामसभा त्याच तबकडीत कोंबली की वाटा २६ लाखांवर येतो. माणसे एका जागी बसून बोलत असतील तर एवढ्यातही निभावते. परंतु गलका झाला, हात वर झाले, कॅमेरा फिरला, की चित्राचे चौकोन पडतात. नेमके मतदानाच्या वेळी हात कोणाचा होता हे ओळखू येत नसेल, तर त्या चित्रीकरणाचा उपयोग काय? अशा वेळी दोन तबकड्या करणे श्रेयस्कर. लेझीम किंवा कबड्डीच्या चित्रीकरणाला तर तासा-दीड तासाहून अधिक वेळ एका तबकडीवर देऊच नये. उलट, कार्यक्रम अर्ध्या तासाचा असला म्हणून वाटा हवा तितका वाढविता येत नाही. चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला सुमारे १ कोटी बिट ही प्लेअरची कमाल मर्यादा आहे.

भ्रमणध्वनी उभा धरून केलेले चित्रीकरण रुंद पडद्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग व्यापते आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. यावर रूपांतराच्या वेळी चांगला उपाय नाही. चित्रीकरण करणाऱ्यालाच आधी सांगून ठेवावे.

मुद्रण मध्यम वेगाने करावे व शेवटी तबकडी 'फायनलाइझ' करण्यास विसरू नये. तसे न केलेली तबकडी संगणकात चालूनही घरच्या प्लेअरमध्ये अडण्याचा संभव असतो. वाटप करण्यापूर्वी एक प्रत दोन वेगळ्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालवून पाहावी.

तबकड्या तयार झाल्या म्हणून संगणकातील मूळ फाईल पुसून टाकण्याची प्रवृत्ती मात्र घातक होय. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र डीव्हीडीवर येताना त्यातील केवळ एक पंचमांश ठिपके उरतात आणि गेलेले पुन्हा मिळविता येत नाहीत. मूळ फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, निरनिराळ्या ठिकाणी जपून ठेवाव्यात आणि सभेचा दिनांक व विषय फाईलच्या नावातच लिहावा.