छायाचित्राची फाईल आणि तिची साठवण

मोबाईलवर फोटो काढणे आता लहान मुलासही येते. परंतु तो फोटो ज्या फाईलमध्ये साठविला जातो तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. घरात आजोबांचा एकच जुना फोटो असतो. तो स्कॅन होऊन नातेवाइकांच्या मोबाईलवर फिरत राहतो, आणि पुढे मोठा करून फ्रेम करावयाचा म्हटले की चेहऱ्यावर चौकोन दिसू लागतात. असे का होते?

प्रथम साधा हिशेब पाहू. आडवे ४००० व उभे ३००० ठिपके, म्हणजेच पिक्सेल, असलेल्या फोटोत एकूण १ कोटी २० लाख पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलमधील लाल, हिरव्या व निळ्या रंगाचे प्रमाण नोंदविण्यास ३ बाइट लागतात. म्हणजे सुमारे ३६ एमबी झाले. प्रत्यक्षात मोबाईलमधील फाईल बहुधा चार-पाच एमबीचीच असते. मग बाकीचे गेले कोठे?

ही किमया जेपेग पद्धतीची होय. तिचे मानक १९९२ साली ठरले. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते, त्यातील ठळक फरक जपते आणि डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे सोडून देते. यामागील गणितास डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह ते १९७४ साली प्रसिद्ध केले. आपल्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असावयास हवे, असे मला वाटते.

सोडलेला बारकावा परत येत नाही. फोटो नुसता उघडून पाहिल्याने काही बिघडत नाही; पुष्कळांचा येथे गैरसमज असतो. मात्र फेरफार करून तो पुन्हा जेपेगमध्ये साठविला की पुन्हा काटछाट होते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेला फोटोही आक्रसतो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास मूळ फाईल जशीच्या तशी जाते.

म्हणून जुना फोटो स्कॅन करताना टिफ किंवा १९९६ साली आलेली पीएनजी ही पद्धत निवडावी. पीएनजीत काहीच गळत नाही. फाईल मोठी होते, ती होऊ द्यावी. गुणपत्रिकेसारख्या कागदालाही पीएनजी चांगली, कारण जेपेगमध्ये अक्षरांच्या कडेला धूसरपणा येतो. आयफोनवर २०१७ पासून हेइक नावाची फाईल असते. जुन्या संगणकावर ती उघडेलच असे नाही, तेव्हा तिची जेपेग प्रत जवळ ठेवावी.

स्पर्धा परीक्षांच्या अनेक ऑनलाइन अर्जांत फोटो २० ते ५० केबीचा मागतात. त्यासाठी वेगळी प्रत करून ती लहान करावी, मूळ फाईलला हात लावू नये. बँकेत आम्ही मूळ व्हाउचरवर खाडाखोड चालू देत नाही, तसेच हे.

राहिला साठवणीचा प्रश्न. पेनड्राइव्ह हरवतो, हार्ड डिस्क बंद पडते, मोबाईल पाण्यात पडतो. यासाठी तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे भावाबहिणीकडे किंवा इंटरनेटवरील साठवणुकीत. वर्षातून एकदा तिन्ही उघडून पाहाव्यात. फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे संगणक त्या आपोआप तारखेनुसार लावतो. फोटोतील माणसांची नावेही तेव्हाच वहीत लिहून ठेवावीत. ती सांगणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवरच हे काम उरकावे.